वर्गणी चालते, मग नाव का नाही?

रविवार, रात्री साडेअकरा

विहारातून आत्ताच आलो. जेवण गेलं नाही. आंबेडकर जयंतीच्या बैठकीत दोन तास एकाच गोष्टीवर गेले: समितीत बौद्ध नसलेल्यांना घ्यायचं का?

पलीकडच्या गल्लीतल्या मातंग समाजाच्या मावशी सफाईचं काम करतात. दरवर्षी वर्गणी स्वतःहून आणून देतात. आजही आल्या. पदराच्या गाठीतून चुरगळलेल्या नोटा काढून तळहाताने सरळ केल्या, १०१ रुपयांची पावती घेतली आणि दाराशीच उभ्या राहिल्या. मी त्यांचं नाव सुचवलं. समितीतले काका म्हणाले, "आधी बावीस प्रतिज्ञा घेऊ दे, मग बघू." म्हणजे बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या, बौद्ध होताना घ्यायच्या प्रतिज्ञा. मावशींनी ते ऐकलं. पावतीची घडी घातली, "जयभीम" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

काकांवर मला रागावता येत नाही. ते तरुणपणी वरळीत होते. १० जानेवारी १९७४ ला दलित पँथर या जातीय अत्याचारांविरुद्ध लढणाऱ्या तरुणांच्या संघटनेच्या मोर्च्यात दगड लागून कार्यकर्ते भागवत जाधव गेले, ते सांगताना आजही त्यांचा आवाज चिरकतो. आणि त्याच वर्षी पँथर फुटली! तिच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, असं लिहिलं होतं. संस्थापकांपैकी राजा ढाल्यांना त्यात मार्क्सवाद दिसला, बुद्ध-आंबेडकर मागे पडतील असं वाटलं. जाहीरनाम्याच्या बाजूचे दुसरे संस्थापक नामदेव ढसाळ यांना संघटनेतून काढलं. मे १९७२ मध्ये सुरू झालेली पँथर मार्च १९७७ मध्ये ढाले आणि ज. वि. पवारांनी बरखास्त केली. काका ढाल्यांच्या बाजूचे. "दार उघडलं की आधी बाबासाहेबांचा फोटो खाली येतो," असं ते म्हणतात. ही भीती अनुभवातून आलेली आहे, ती मी खोटी म्हणणार नाही.

पण बाबासाहेबांनीच १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध, म्हणजे कोकणातल्या खोतांच्या जमीन-महसुलाच्या पद्धतीविरुद्ध, मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा आणला, त्यात कोकणातले कुणबीही होते. कम्युनिस्टांशी त्यांचं कधी पटलं नाही, तरी कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधनं आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात ते त्यांच्यासोबत उतरले. त्यासाठी स्वतःचा एक शब्दही त्यांनी मागे घेतला नाही. सोबत येणाऱ्याला आधी धर्म विचारला नाही, प्रश्न कोणता ते पाहिलं. हे मला बैठकीत बोलता यायला हवं होतं. मावशी दारात असताना तरी.

जाहीरनाम्यातली ती ओळ आज पुन्हा वाचली. कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया. मावशी त्या एका ओळीत तीनदा बसतात.

पावतीपुस्तक घरीच आणलंय. आजच्या पावतीची स्थळप्रत काढून बघितली, अक्षर माझंच. नावाच्या जागी 'सफाईवाल्या मावशी' एवढंच लिहिलंय. मागच्या वर्षीच्या पुस्तकातही तेच. उद्या कामावरून सुटल्यावर त्यांच्या घरी जातो. आधी नाव विचारतो, मग समितीचं बोलतो. तिथून परस्पर काकांकडे.