मशीनला डावं-उजवं कसं कळतं?

"मॅडम, दोन्ही रेणू सारखेच, तर तुमच्या मशीनला डावा-उजवा कळतो कसा?" रंकाळ्यावर फिरायला गेलं की हे कुणीतरी विचारतंच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ॲलर्जीच्या सेट्रिझिनऐवजी लिव्होसेट्रिझिन आलेलं असतं, तिथून विषय निघतो. सेट्रिझिनच्या गोळीत रेणूची दोन रूपं निम्मी-निम्मी असतात, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. लिव्होसेट्रिझिनमध्ये त्यातलं कामाचं तेवढं एकच, म्हणून 10 मिलिग्रॅमच्या जागी 5.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चप्पल लाईनीत जा आणि एका जोडातल्या दोन्ही चपला तराजूत घाला. वजन तेच. तराजूला फरक कळत नाही, कारण त्याला स्वतःला डावं-उजवं नाही. पाय घातला की लगेच कळतं. नाकालाही कळतं: कार्व्होनचं एक रूप पुदिन्याला वास देतं, दुसरं बाळंतशेपेला.

रेणू ओळखायच्या आमच्या नेहमीच्या तपासण्या, म्हणजे साधं इन्फ्रारेड (अवरक्त प्रकाशाचं शोषण) आणि साधा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातली तपासणी), हे तराजूच. दोन्ही रूपांचे आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात. म्हणून सीडी, म्हणजे सर्क्युलर डायक्रोइझममध्ये, आम्ही प्रकाशालाच पीळ देतो. डाव्या पिळाचा आणि उजव्या पिळाचा प्रकाश आळीपाळीने, सेकंदाला हजारो वेळा, नमुन्यातून सोडायचा आणि कुठला जास्त शोषला गेला ते बघायचं. एका रूपाच्या आलेखात जिथे डोंगर, तिथे दुसऱ्याच्या आलेखात दरी. इन्फ्रारेडमध्ये हेच करायला गेलं तर फरक मूळ शोषणाच्या 10,000व्या हिश्श्याएवढा. तासन्‌तास मोजत बसावं लागतं.

एकदा एका विद्यार्थिनीचा आलेख सपाट रेघ आला. मशीनचा दिवा पाहिला, त्यात सोडलेला नायट्रोजन पाहिला, नमुना ठेवायची क्वार्ट्‌झची कुपी, क्युव्हेट, पुन्हा धुतली. रेघ हलेना. साध्या यूव्हीत, म्हणजे पीळ न दिलेल्या अतिनील प्रकाशात, मात्र रेणू ठळक दिसत होता. शेवटी उमगलं, नमुन्यात दोन्ही रूपं निम्मी-निम्मी होती. डोंगराने दरी भरून टाकली होती.

बोलता बोलता थॅलिडोमाइड निघतंच. 1957 मध्ये जर्मनीत बाजारात आलेलं ते औषध 1961 मध्ये मागे घेतलं, तोवर हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली होती. "चांगलं रूप तेवढं वेगळं काढून द्यायचं होतं," असं कुणी म्हणालं की मी तिथेच थांबवते. शरीरात त्याचं एक रूप दुसऱ्यात बदलत राहतं. निवडून दिलेलं रूपही तसंच राहिलं नसतं.

म्हणून नवा रेणू हातात आला की मी एकदाच मोजून मोकळी होत नाही. द्रावण शरीराच्या तापमानाला, 37 अंशांवर ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते, डोंगर खचलाय का.