सोलापुरात गोगलगायी मोजताना

सोलापूरच्या कोरड्या मुलखात कसल्या आल्यात गोगलगायी, असं वाटत असेल तर शेताच्या दगडी बांधावरचे चार दगड उलथून पाहा. चुनखडीच्या मातीत झूटेकस इन्सुलॅरिस ही गोगलगाय असते. जेमतेम १ सेंटीमीटरची, पांढुरकी, मनोऱ्यासारखी. अशा जाती शंखाच्या तोंडावर चिकट द्रावाचा वाळलेला पडदा ओढून उन्हाळा काढतात. ती झोपलीय की मेलीय, हे तो पडदा पाहूनच ठरतं.

जमिनीवर १० × १० मीटरची चौकट आखून दोघांनी अर्धा अर्धा तास शोधायचं. वेळ रात्रीची किंवा उजाडायच्या आधीची. फेऱ्या दोन हव्यातच: एक जूनच्या सरींनंतर, दुसरी सप्टेंबरात, कारण आपल्याकडचा खरा पाऊस तेव्हाचा.

डोळ्यांना मोठ्याच गोगलगायी दिसतात, म्हणून चौकटीतला २ ते ४ लिटर पालापाचोळा आणि वरची माती कापडी पिशवीतून आणायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. ओली काळी माती चाळायला जाऊ नका, चाळणीतच थापली जाते. सावलीत पूर्ण वाळवून मग बादलीभर पाण्यात सोडा; वाळकं ढेकूळ आपोआप विरघळतं. हवा भरलेले रिकामे शंख वर तरंगतात, जिवंत खाली बसतात. वरचे गाळून घ्या, तळचा गाळ आधी गव्हाच्या आणि मग रव्याच्या चाळणीतून धुवा. २-३ मिलिमीटरच्या जाती इथंच हाती लागतात.

पाण्यात खरी फसगत रिकाम्या शंखांची. हिप्परग्याचा एकरूख तलाव घ्या नाहीतर उजनीचा फुगवटा, पाणी ओसरलं की काठावर बेलामिया या पाणगोगलगायीच्या शंखांचे पट्टेच्या पट्टे दिसतात. ते मागच्या कित्येक वर्षांचे असू शकतात. जिवंत आणि मेलेल्यांचे रकाने वेगळे ठेवा. पायला ही पाणगोगलगाय मात्र शंखाला झाकण लावून गाळात दडते, तेव्हा वीतभर उकरल्याशिवाय ‘नाही’ लिहू नका. जलपर्णीची मुळं बादलीत झटकली की चपट्या चकतीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस पडते. तिच्यातून सुटणाऱ्या कृमींच्या अळ्या कातडीत शिरून खाज उठवतात. गमबूट आणि हातमोजे घाला. टोकदार शंखाच्या पाणगोगलगायी ओळखताना शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजवीकडे असेल तर लिम्निया, डावीकडे असेल तर उत्तर अमेरिकेतली उपरी फायसा.

उपऱ्यांत सगळ्यात बदनाम आफ्रिकन शंखी गोगलगाय. शंखांचे अभ्यासक डब्ल्यू. एच. बेन्सन यांनी १८४७ साली मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडलेली ही बला २०२२ मध्ये जवळच्या लातूर, उस्मानाबादेत (आताचं धाराशिव) सोयाबीनवर तुटून पडली होती. उघड्या हातानं उचलू नका, तिच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात.

नमुने थेट अल्कोहोलमध्ये टाकले की अंग आक्रसून शंखात जातं आणि चिरफाड करता येत नाही. उकळून गार केलेल्या पाण्यानं बरणी काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावा, रात्रभर ठेवा. मग ७० ते ८० टक्के अल्कोहोल, दुसऱ्या दिवशी ते बदला. फॉर्मलिन नकोच, त्यातलं आम्ल शंख खातं. चिठ्ठी बरणीच्या आत, जाड कागदावर पेन्सिलीनं; बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. नुसतं तलावाचं नाव पुरत नाही: कुठला काठ, किती खोली, गाळ की खडक, तारीख, आणि किती मिनिटं शोधलं, तेही लिहा.