आमची वाटचाल: शाफ्टच्या तोंडापासून तळापर्यंत

शाफ्ट म्हणजे जमिनीत सरळ खाली खोदत नेलेला खोल खड्डा. त्याच्या तळाशी राबणाऱ्या माणसावर संकट बहुधा वरून येतं. हवेचा विरोध सोडला, तर 100 मीटरवरून निसटलेला बोल्ट साडेचार सेकंदांत ताशी 160 किलोमीटर वेगाने खाली पोचतो. हेल्मेट त्यापुढे काय टिकणार? म्हणून आम्ही सुरुवात केली शाफ्टच्या तोंडावरच्या दुपाखी पोलादी दरवाजापासून.

तळातला दगड-चिखल वर आणणारी बकेट दरवाजाच्या वर गेली, दोन्ही पाखं मिटली, तरच ती रिकामी करता येते. यात यंत्रापेक्षा दरवाजा मिटला की नाही हे सांगणारा स्विच जास्त छळतो. साध्या चुंबकी स्विचला कुणीतरी चुंबक चिकटवतो आणि उघडा दरवाजा बंद असल्याचं दाखवतो. त्यामुळे आम्ही कोडेड स्विचच लावतो, म्हणजे फक्त आपल्या जोडीच्या तुकड्यालाच ओळखणारा. सर्किटही असं, की वायर तुटली तरी विंच, म्हणजे दोराने बकेट वर-खाली करणारं यंत्र, थांबावा.

पुढचं काम दोराचं. खाली जाणारी बकेट मधल्या प्लॅटफॉर्मच्या कडेला अडकली, की विंच दोर सोडतच राहतो. सैल दोर साचतो, बकेट सुटते आणि जोराचा हिसका बसतो. पुलीखाली लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) बसवून वजन 200 किलोखाली गेलं की विंच थांबवायचा, हा नेहमीचा उपाय. पण 20 मिलिमीटरचा दोर मीटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरतो. 300 मीटरवर लोंबत्या दोराचंच वजन पाचशे किलोंवर जातं. बकेट पूर्ण टेकली तरी लोडसेल गप्प! म्हणून आमच्या कंट्रोलरमध्ये ही मर्यादा खोलीनुसार सरकते.

खोली दोर गुंडाळणाऱ्या ड्रमच्या फेऱ्यांवरून मोजू नये. दोराचा थर बदलला की फेरीची लांबी बदलते. आम्ही एन्कोडर, म्हणजे फेऱ्या मोजणारं उपकरण, पुलीवर बसवतो. ओल्या दोरावर पुली थोडी घसरते, म्हणून बकेट तोंडाशी आली की प्रत्येक खेपेला मोजणी शून्यावर आणतो.

गॅस मीटर आम्ही बनवत नाही, चांगले तयार मिळतात. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेल्याचा इशारा वर विंचवाल्यालाही मिळेल, एवढी जोडणी मात्र देतो.

त्याच एन्कोडरवर एक सक्तीचा थांबा बसवलाय. भरलेली बकेट तळापासून दीड मीटर उचलली की विंच आपोआप थांबतो. झोका शांत करायचा, बुडाला चिकटलेले दगड-चिखल काढायचा आणि खालच्या माणसाने बटण दाबलं की मगच बकेट वर. वेळ जातो म्हणून ठेकेदार कुरकुरतात. हा थांबा बंद करायची सोय आम्ही ठेवलेली नाही.