सात अंशांवरचा सूर्य: स्टॉकहोममधल्या एका खोलीच्या कामाची नोंद

खोली ३.६ × ४.८ मीटर, उंची २.७ मीटर. इमारत १९२० च्या दशकातली, खोली वरच्या मजल्यावरची. दक्षिणेला दोन खिडक्या, प्रत्येकी १.१ × १.५ मीटर, माथा जमिनीपासून २.२ मीटरवर. लाकडी चौकटी वजा केल्या तर दोन्ही खिडक्यांची मिळून काच सुमारे २.३ चौरस मीटर, म्हणजे जमिनीच्या १३ टक्के. इथल्या बांधकामात बरीच वर्षं चालत आलेला ढोबळ हिशेब असा की काच जमिनीच्या किमान एक दशांश हवी. त्या हिशेबात खोली पास, पण पाहताना काळोखी. जमीन, भिंती आणि छत फिकट करून तिच्यात उजेड आणायचं काम जानेवारीअखेर सुरू केलं.

रंगाचा डबा उघडण्याआधी थोडी भूमिती.

स्टॉकहोम ५९.३ अंश उत्तरेला. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो. २.२ मीटर माथ्याच्या खिडकीतून त्या कोनात आलेलं ऊन, अडलं नाही तर, १७ मीटर आत जाईल. त्याच दिवशी पुण्यात दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो आणि तशाच खिडकीतून दोन मीटरसुद्धा आत शिरत नाही. आपल्याकडे छज्जा, पडवी, चिकाचे पडदे ही सगळी खटपट ऊन अडवायची. इथली घरं उलट्या गरजेतून घडली आहेत. म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांच्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात इथली स्कँडिनेव्हियन पद्धतीची पांढरी खोली उतरवली तर दुपारी डोळे दिपतात, दुसरं काही होत नाही.

पण ऊन इथेही अडतंच. रस्ता १८ मीटर रुंद, आणि समोरच्या इमारतीचं छप्पर आपल्या खिडकीपेक्षा १२ मीटर वर. हा कोन होतो ३४ अंशांचा. दुपारचा सूर्य तेवढा वर चढतो तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे हिवाळाभर या खोलीला समोरून थेट ऊन नाही, जे मिळतं ते छपराच्या वरच्या आभाळाच्या पट्टीतून. तो उजेड वरून खाली येतो आणि सगळ्यात आधी पडतो जमिनीवर. मग तिथून छत, छतावरून मागची भिंत. नवखे लोक भिंतीपासून सुरुवात करतात, आम्ही जमिनीपासून केली ती यासाठी.

फळ्यांची जमीन

लिनोलियमखाली पाइनच्या फळ्या निघाल्या, वर पिवळंजर्द झालेलं वार्निश. जुनं आच्छादन काढताना खाली काळा गोंद दिसला तर तो तपासून घेतल्याशिवाय घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. इथे सुदैवाने नुसते खिळे मारले होते.

सगळे खिळे पंचने २ ते ३ मिलिमीटर आत ठोकले. एक जरी राहिला तरी लाकूड घासायच्या मशिनचा पट्टा टरकन फाटतो. घासायच्या पेपरचे नंबर क्रमाने २४, ४०, ६०, १००, खरखरीतकडून बारीककडे. चोविसाचा हात फळ्यांना तिरका मारला, कारण जुन्या फळ्या मधे खोलगट होतात आणि सरळ फिरवलं तर खळग्यातलं वार्निश तसंच राहतं. पुढचे सगळे हात फळीच्या दिशेने. मशीन चालू ठेवून जागच्या जागी थांबलं की तिथे खळगा पडलाच. आधी चालायला लागायचं मग ड्रम टेकवायचा, थांबण्याआधी उचलायचा. मधला नंबर गाळायचा मोह आवरा: २४ चे ओरखडे १०० ने जात नाहीत, आणि नंतर लावायचा पांढरा द्रव, लूट, नेमका त्या ओरखड्यांतच भरून त्यांना उठाव देतो.

१०० च्या पुढे गेलो नाही. फार गुळगुळीत झालेलं लाकूड द्रव पीत नाही.

शेवटच्या हाताआधी ओलसर फडक्याने जमीन पुसून सुकू दिली, म्हणजे तंतू उभे राहतात आणि तो हात त्यांना कापून टाकतो. हे टाळलं तर तंतू पुढे लूटच्या ओलीने उठतात आणि जमीन पायाला खरखरीत लागते.

फळ्यांमधल्या फटींत लांबी (पुट्टी) भरायची नाही. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा अगदी कोरडी होते, फळ्या आक्रसतात, फटी सर्वात रुंद दिसतात. आत्ता भरलेली लांबी जुलैत फळ्या फुगल्या की चिरडून वर येते.

लूट आणि सोपा

स्वीडिश भाषेत लाकडावर लावायच्या अल्कलीला म्हणतात लूट, आणि नंतरच्या मऊ साबणाला सोपा. नाव सोपा, काम नाही. अल्कली पाइनचं पिवळं पडणं रोखते आणि त्यातली पांढरी पूड लाकडाला दुधी छटा देते. वार्निश वर पापुद्रा धरतं. इथे पापुद्रा नाही, लाकूड मॅट राहतं आणि उजेड चकाकीशिवाय पसरतो.

एका लिटरात ८ ते १० चौरस मीटर होतात. १७.३ चौरस मीटरला अडीच लिटर पुरलं, एकच हात. खोलीत किमान १५ अंश सेल्सियस हवेत. ब्रश नायलॉनचा, कारण जनावराच्या केसांचा ब्रश अल्कलीत विरघळायला लागतो. बादली प्लॅस्टिकची, ॲल्युमिनियम किंवा जस्ताची अजिबात नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच, हा द्रव कातडी भाजतो.

एका वेळी दोन-तीन फळ्या घ्यायच्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न थांबता न्यायच्या. फळीच्या मधोमध थांबलात तर जोड कायमचा दिसतो. दुसरी नेहमीची चूक: पूड तळाशी बसते. डबा दर दहा मिनिटांनी तळापासून ढवळला नाही तर खोलीचा पहिला अर्धा भाग फिकट आणि दुसरा चुना फासल्यासारखा होतो. पाइनसाठीची लूट ओकवर लावू नका. ओकमधलं टॅनिन अल्कलीशी मिळून लाकूड काळपट करतं. कठीण लाकडाची लूट वेगळी मिळते.

रात्रभर, निदान १६ तास, सुकू दिलं. सकाळी वर पांढरी पूड दिसते. ती मऊ पांढऱ्या पॅडने हलकेच घासून व्हॅक्यूमने काढली, नाहीतर पुढे महिनाभर मोजे पांढरे.

मग पांढरा सोपा: पहिल्या उपचाराला १ भाग साबण, १० भाग कोमट पाणी. फडक्याने लावायचं, पाच मिनिटं मुरू द्यायचं, साचलेलं टिपून घ्यायचं. असे तीन हात, प्रत्येक हातामध्ये पूर्ण सुकवून. पहिल्या दोन हातांनंतर जमीन चट्ट्यापट्ट्याची दिसते, घाबरू नका. तिसऱ्याला एकसारखी होते.

साबण पाण्यातल्या क्षारांशी मिळून न विरघळणारा करडा साका धरतो, म्हणून पाणी महत्त्वाचं. स्टॉकहोमचं नळाचं पाणी मऊ आहे, इथे अडचण नाही. कोपनहेगनचं पाणी जड, तिथे पाणी उकळून निवळून घेतलेलं बरं. बोअरच्या पाण्यात कपड्याचा साबण फुटतो हे पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

भिंती, आणि चुन्यातली नीळ

चुन्याच्या सफेदीत चिमूटभर नीळ घालायची पद्धत आपल्याकडे आहे. पिवळट झाक मारली जाते, भिंत शुभ्र दिसते. इथे नेमकं उलट करावं लागतं. छपरावरच्या आभाळाचा उजेड आधीच निळसर थंड असतो. निव्वळ पांढरी भिंत त्यात दवाखान्यासारखी दिसते, म्हणून पांढऱ्यात थेंबभर पिवळा घालतात. स्वीडनच्या एनसीएस रंगपद्धतीत हा रंग एस ०५०२-वाय: काळेपणा ५ टक्के, रंगछटा २ टक्के, पिवळ्याच्या दिशेने. भाड्याच्या घरांत तो इतका सर्रास असतो की लोक कंटाळलेत. पण कंटाळले म्हणून तो चूक ठरत नाही.

भिंती खिडक्या-दार वजा जाता सुमारे ४० चौरस मीटर. लिटरला ८ चौरस मीटर धरले तर दोन हातांना १० लिटर. छताला ५ लिटर. चकाकीचे आकडे इथे डब्यावरच छापलेले असतात: छताला ३, भिंतीला ७, लाकडी चौकटींना ४०. छतावर जास्त चकाकी घेतली तर कमी कोनातल्या उजेडात रोलरचा प्रत्येक पट्टा दिसतो. चौकटीच्या कोवळ्या गाठींतून राळ झिरपून रंगावर तपकिरी डाग येतात. रंगाआधी तिथे चपडी लाखेचे दोन पातळ हात द्या. जुन्या थरांत शिसं असू शकतं, त्यामुळे चौकट कोरडी घासू नका, ओली घासा.

आता मतभेदाचा मुद्दा. चारही भिंती एकसारख्या पांढऱ्या करू नयेत असं आमचं ठाम मत. खिडकीची भिंत ही खोलीतली सर्वात काळोखी भिंत, कारण उजेड तिच्या पाठीकडून येतो. चमकती काच आणि शेजारी काळवंडलेली भिंत यांच्यातला फरकच डोळ्यांना टोचतो. म्हणून सर्वात उजळ रंग तिला, आणि खिडकीच्या आतल्या बगलांना चकाकी ४० चा. या बगला जुन्या जाड भिंतींत आतल्या बाजूला फाकलेल्या असतात, त्या कर्ण्यासारखा उजेड आत फेकतात. बाजूच्या एका भिंतीला मात्र करडा, एस १५०२-वाय. उजेड दिसायला त्याला टेकायला काहीतरी लागतं.

डॅनिश चित्रकार विल्हेल्म हामरशॉय १८९८ ते १९०९ कोपनहेगनला स्ट्रांडगाडे ३० या पत्त्यावर राहिला आणि त्याच खोल्या पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. उन्हाच्या तिरिपेतले धूलिकण दाखवणारं त्याचं १९०० सालचं चित्र पाहा: उघडी जमीन, करड्या भिंती, आणि तरी खोली उजेडाने भरलेली. कार्ल आणि कारीन लार्सन या स्वीडिश कलावंत जोडप्याचं सुंदबॉर्न गावातलं घर तर लाल-हिरव्या रंगांनी गजबजलेलं. स्कँडिनेव्हियन म्हणजे पांढरं, हे समीकरण बरंचसं अलीकडच्या फर्निचर कॅटलॉगांचं.

आरसा

अठराव्या शतकाच्या शेवटच्या, स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा याच्या काळातल्या घरांत दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर उंच आरसा आणि त्याला मेणबत्त्यांचे हात असत. संध्याकाळी ज्योत दुप्पट करायला ती जागा उत्तम. दिवसा मात्र तिथे उपयोग कमी, कारण आरसा खोलीच्या काळोख्या टोकाकडे तोंड करून असतो.

दिवसासाठी एकच कसोटी. खोलीतल्या सर्वात अंधाऱ्या जागी बसा आणि कुणाला तरी आरसा भिंतीवर सरकवायला सांगा. आरशात आभाळ दिसलं तर तो उजेड आणतोय. कपाट दिसलं तर तो शोभेचा. या खोलीत ती जागा निघाली बाजूच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यापासून ४० सेंटिमीटरवर. ६० × १२० चा साधा आरसा, आडवा नाही, उभा.

पडदे, सतरंजी, दिवे

पडदे अस्तर नसलेल्या लिननचे. शिवण्याआधी कापड धुऊन घ्या, पहिल्या धुण्यात ते ५ ते ८ टक्के आटतं आणि पडदा लेंग्यासारखा वर येतो. दांडी चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना २५ सेंटिमीटर, म्हणजे दिवसा कापड भिंतीवर गोळा होतं, काचेवर नाही. खिडकीखाली हीटर असतो, त्यामुळे पडदा खिडकीच्या फळीपर्यंतच. लांब पडद्याने गरम हवा काचेकडे कोंडते आणि खोली गार राहते.

जमिनीवर त्रासमाता, म्हणजे चिंध्यांची विणलेली पट्टी, ७० × २४० सेंटिमीटर. जुन्या चादरी फाडून, सुती ताण्यावर. गोधडीची मावसबहीणच, फक्त शिवलेली नाही, मागावर विणलेली. हेलसिंकीत अशा पट्ट्या धुवायला समुद्रकाठी सार्वजनिक धक्के बांधलेले आहेत, आणि तिथे पाइनच्या साबणाने धुतात. फिकट जमिनीवर गडद गालिचा टाकला की वरची सगळी मेहनत झाकली जाते.

छताच्या मधोमध एकच मोठा दिवा नको. इथे पाच छोटे आहेत, २७०० केल्व्हिन, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, रंगनिर्देशांक (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर, आणि त्यातला एक खिडकीच्या फळीवर. जेवणाच्या टेबलावरचा दिवा पृष्ठभागापासून ६० सेंटिमीटर वर. डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेनचा १९५८ सालचा पीएच ५ हा टांगता दिवा त्यासाठीच आहे: कुठूनही बघा, बल्ब दिसत नाही. खरा महाग पडतो. छत्रीच्या आकाराचं, आतून पांढरं आणि कड बल्बच्या खाली येईल असं कोणतंही झाकण तेच काम बऱ्यापैकी करतं. छतातली पक्की वायरिंग हलवायची असेल तर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनच हवा, इथला कायदाच तसा आहे.

उरलेलं

जमीन पहिला महिना दर आठवड्याला सोप्याने पुसायची, ५ लिटर पाण्यात १२५ मिलिलिटर. दोन बादल्या, एक साबणाची, एक घाण फडकं पिळायची. नुसत्या पाण्याने पुसलं तर साबणाचा थर निघून जातो आणि कॉफीचा डाग लाकडात उतरतो.

खिडक्यांच्या बाहेरच्या बाजूला जवसाच्या तेलाचा रंग द्यायचाय, तो मे महिन्यात. थंडीत तो आठवडेच्या आठवडे चिकट राहतो. आतल्या बाजूला हा रंग वापरायचा विचार सोडून दिला, कारण जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि इथला हिवाळा त्याला भरपूर अंधार देतो. उन्हात ते पुन्हा बरंचसं उजळतं, त्यामुळे बाहेर चिंता नाही. हे काम करताना तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. झाकणाच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा.