साइडचा फोटो

एक्स-रे काढायच्या आमच्या कामात पेशंटला काही सांगायचं नसतं. "डॉक्टर सांगतील" हे वाक्य मी मिरजेत १९ वर्षं रोज म्हणत आलोय. हाड मोडलेलं समोर स्क्रीनवर दिसत असतं, नातेवाईक काचेतून माझं तोंड वाचत असतात आणि मी तोंड दगडाचं करून पुढच्या नंबराला हाक मारतो.

मार्चमध्ये तासगावकडच्या एक मावशी आल्या. वय ६३, सुनेच्या खांद्याला धरून. बेदाण्याच्या शेडवर कामाला होत्या. चार महिन्यांपूर्वी पाण्याची कळशी उचलताना पाठीत "कट्ट झालं", तेव्हापासून उठता-बसता कळ. गावात गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पट्टा झाला. मग एका मालिशवाल्यानं पालथं झोपवून पाठीवर गुडघा दिला. हे ऐकताना माझ्याच पाठीतून शिणक गेली. चार महिन्यांत एकानंही फोटो काढा म्हटलं नव्हतं, कारण मावशी पडल्याच नव्हत्या ना! न पडता मणका मोडतो हे लोकांना पटत नाही, आणि काही डॉक्टरांना सुचत नाही.

मणक्याचा साइडचा फोटो मला चांगला काढता येतो, हे सांगूनच टाकतो. मावशींना डाव्या कुशीवर घेतलं, गुडघे पोटाकडं, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, आणि कमरेच्या खोलगटात चादरीची घडी सारली, म्हणजे कणा टेबलाला समांतर राहतो. तेवढं केलं नाही तर मणक्याच्या वरच्या-खालच्या कडा दुहेरी उमटतात, आणि मणका खरंच चेपलाय की नुसता तिरका आलाय हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. छातीमागच्या मणक्यांना तर मी श्वास रोखायलाही सांगत नाही. हळूहळू श्वास घेत राहा म्हणतो आणि एक्स्पोजर लांबवतो. बरगड्या हलून पुसट होतात, मणके तेवढे स्वच्छ उठतात. नवीन पोरांना हे शिकवायला जावं तर ती ऑटोचं बटण दाबून मोकळी.

फोटो आला. कमरेचा पहिला मणका, एल-१, पाचरीसारखा. मॉनिटरवर मोजला: मागून २८ मिलिमीटर, पुढून १६. त्याच्या वरचा डी-१२ सुद्धा पुढून खचलेला, पण त्याच्या कडा जुन्या वाटत होत्या. बाकीचे मणके काचेसारखे फिकट. साध्या एक्स-रेवर हाड असं फिकट दिसायला लागतं तोवर साधारण तिसरा हिस्सा गेलेला असतो.

फिल्म मी स्वतः ओपीडीत नेऊन दिली. आमचे हाडांचे डॉक्टर तापट, पण विचारतात नीट. "पिशवी काढलीय का?" सून म्हणाली, "व्हय, छत्तिसाव्या वर्षी. दोन्ही अंडाशयं बी." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या वयात अंडाशयं गेली की पाळीबरोबर हाडांचं संरक्षणही गेलं, मग कित्येक वर्षं झीज चालूच. पिशवी काढताना हे सांगणारं कोणी भेटत नाही. मग विचारलं, उंची कमी झाली का? मावशी हसल्या. "उंची कोन मोजतंय? परकर तेवढा दोनदा आखूड करून घेतला, लोळाय लागला म्हणून."

सुनेनं मग पिशवीतून होते नव्हते ते सगळे कागद काढले. शिबिरात टाचेला हाडं तपासायचं मशीन लावून दिलेली "नॉर्मल"ची चिठ्ठी. कॅल्शियमच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. आणि १४ महिन्यांपूर्वी खोकल्यासाठी काढलेले छातीचे दोन फोटो, एक समोरून, एक साइडनं. डॉक्टरांनी साइडचा व्ह्यू-बॉक्सवर लावला आणि गप्प बसले. डी-१२ तेव्हाच चौथा हिस्सा चेपलेला होता.

माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. डावी बाजू दाखवणारा शिशाचा 'एल' मार्कर, खालची दांडी जराशी वाकलेली. तो माझ्या हातून पडून वाकलाय. म्हणजे हा फोटो मीच काढलेला. रिपोर्ट बाहेरून आला होता. हल्ली आमचे फोटो मोबाइलवर जातात आणि तासाभरात दोन ओळी परत येतात. 'फुफ्फुसं स्वच्छ.' ती स्वच्छ होतीच. मणके कोणी बघितले नाहीत. रिपोर्ट देणाऱ्यानं नाही, खोकल्याचं औषध देणाऱ्यानं नाही, आणि मीही नाही.

पुढं डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी झाली. तिथंही गंमत. रिपोर्टमध्ये एल-१ ते एल-४ ची सरासरी उणे २.२, म्हणजे नुसती 'ऑस्टिओपेनिया', हाडं थोडी विरळ. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरायला उणे २.५ किंवा त्याखाली लागतं. मावशींच्या पुण्याच्या मुलानं फोनवर वाचून सांगितलं, एवढं काही नाही म्हणून. पण चेपलेला मणका दाबून घट्ट झालेला असतो, मशीनला तो दणकट वाटतो. तो मोजायचाच नसतो. एल-१ वगळला आणि आकडा उणे २.७ झाला. डॉक्टर म्हणाले, आकडा कितीही येऊ दे, न पडता मणका मोडला तिथंच निदान झालं.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालूच ठेवायचं, पण त्यानं झीज थांबत नाही, हे त्यांनी सुनेला तीनदा सांगितलं. झीज रोखणारी आठवड्याची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. मावशींना बसवतच नव्हतं. म्हणून मूत्रपिंड आणि कॅल्शियम तपासून, वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ठरलं. दुसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो, घाबरू नका, हेही आधीच सांगितलं.

सलाईन झालं त्या दिवशी मावशी जाता जाता माझ्या दारात थांबल्या.

"बाळा, त्या जुन्या फोटूत बी ह्येच हुतं का रं?"

मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारा, मावशी. ते सांगतील."