सरसर चढणं म्हणजे नक्की कसं चढणं?

परवा मी लिहिताना सहज लिहून गेलो की रॉकेट सरसर वर गेलं, आणि ताईने ते वाचून एवढंच विचारलं, "अरे रॉकेट आहे का खार?" झालं, तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये.

म्हणजे सरसर म्हणजे पटकन हे बरोबर, पण नुसतं पटकन नाही ना. खार झाडावर चढते तेव्हा तिचं पोट जवळजवळ खोडाला टेकलेलं असतं, नखं सालीत रुततात, सुटतात, परत रुततात, आणि मधे कुठेच थांबल्यासारखं वाटत नाही, ते सरसर. पाल भिंतीवर चढते ती सरसर, थर्मामीटरमधला पारा काचेला धरून चढतो तोही सरसर. कशाला तरी लागून, न अडखळता सरकत गेलं पाहिजे. रॉकेट कशाला लागून जातं? त्यामुळे ताईचं बरोबर होतं, तिला हे सांगितलेलं नाही.

जिना मात्र माणूस झरझर किंवा भराभर चढतो. भराभर तर कशालाही चालतं, भराभर जेवा, भराभर आवरा, त्यात चढण्याचं खास असं काहीच नाही. बाजारभावांचं तर विचारूच नका, ते भडकतात, उसळी घेतात, गगनाला भिडतात. यातलं गगनाला भिडणं मला खटकतं, त्यात उंची कळते पण वेग कुठे कळतो? हळूहळू चढत चढत दहा वर्षांनी भिडले तरी भिडलेच की. उसळी त्यापेक्षा प्रामाणिक आहे, उसळलेलं खाली पण येतं.

आणि एक गंमत म्हणजे सरसर खाली येतानाही चालतं, पावसाची सर सरसर येते, साप तर आडवाच सरसर निघून जातो. खार पण उतरते सरसर, डोकं खाली करून, कारण तिला मागचे पाय घोट्यातून उलटे फिरवून नखं सालीत अडकवता येतात. मांजराला हे जमत नाही, त्याची नखं अशी वळलेली की चढायला एकदम मस्त पण डोकं खाली करून उतरायला निघालं की पकडच मिळत नाही. म्हणून मांजर सरसर चढतं आणि मग वर बसून ओरडत राहतं, आणि उतरलंच तर शेपटीकडून, एकेक पाय चाचपत. याला काय म्हणायचं, रखडत?

(सरसरीचा याच्याशी काही संबंध नाही बरं का, तो फारसीतून आलेला वेगळाच शब्द.)

असो, रॉकेटचं वाक्य बदललंय, आता ते 'झेपावलं' आहे. ताईला अजून दाखवलं नाहीये, ती विचारेल झेपावायला त्याला पंजे आहेत का.