अळणी

रविवारी दहाच्या सुमारास आमच्या घरी मटण शिजत पडायचं. नुसतं मीठ, हळद, आलं-लसूण. पातेल्यावर ताट आणि ताटात पाणी. तासाभरानं आई पदरानं धरून ते ताट उचलायची आणि पहिल्या दोन-चार वाट्या भरून बाजूला काढायची. ती अळणी.

अळणी म्हणजे बिनमिठाचं, असं शब्दकोश सांगेल. कोल्हापुरात अळणीत मीठ असतंच, नसते ती चटणी. चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट, हेही बाहेरच्यांना सांगावं लागतं. अळणीचे मानकरी ठरलेले असायचे: लहान पोरं, दात गेलेले आजोबा, घरात असलीच तर बाळंतीण, आणि तापातून उठलेलं कुणी. त्यांच्या वाट्या भरून झाल्या की मग खरा स्वयंपाक सुरू. वाटण, चटणी, तांबडा, पांढरा. मी नऊ वर्षांचा असताना एका रविवारी अळणीची वाटी पुढं सरकवली आणि मोठ्या माणसांसारखा तांबडा मागितला. नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर प्यालो. त्यानंतर पुन्हा अळणीला तोंड लावलं नाही.

थेट चाळीस वर्षांनी लावलं. तेही कझाकस्तानात.

भाचा अल्माटीत डॉक्टरकी शिकतो. आपली हजारो पोरं तिथं शिकतात, त्यातलाच एक. २०२२ पासून भारतीयांना चौदा दिवस व्हिसाही लागत नाही. मागच्या जूनमध्ये गेलो. जायच्या आधी त्यानं फोनवर विचारलं, "मामा, खाण्याचं जमेल ना तुम्हाला? इथं सगळं मांसच असतं." मी हसलो. कोल्हापूरच्या माणसाला मटणाची भीती घालणं म्हणजे माशाला पाण्याची घालण्यातला प्रकार. विमानात शेजारची मंडळी सहलीच्या कंपनीकडून आलेली. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत रोज रात्री 'भारतीय जेवण' लिहिलेलं आणि तरीही मांडीवर खाकऱ्यांचं पाकीट. मी मनातल्या मनात त्यांची कीव केली. माझ्याही बॅगेत आईनं दिलेली पावशेर चटणी होती, हे सोडून द्या.

दुसऱ्याच दिवशी भाच्यानं मला हिरव्या बाजारात नेलं. कझाकमध्ये 'कोक बाजार'. बाजाराला तिथंही बाजारच म्हणतात. दुकानाला 'दुकेन', कलमाला 'कलम', आणि भाकरी-पाव काहीही असो, त्याला 'नान'. हे सगळे फारसी-अरबी शब्द वाटेत जशी गावं लागली तसे दोन्हीकडं उतरत गेलेत. सामोसा तर सख्खा भाऊच. तिथं तो 'साम्सा', भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेला, आत बटाट्याऐवजी मांस, कांदा आणि चरबी. भट्टीचं नाव 'तांदिर'. आता काय बोलणार!

मांसाचा भाग मोठा दालनासारखा. प्रत्येक जनावराची रांग वेगळी, वर पाटी. रशियन अक्षरं मला येत नाहीत, पण भाचा वाचत गेला: मेंढी, गाय, पुढं डुक्कर, आणि मग सगळ्यात ऐटीतली रांग, पांढरेशुभ्र एप्रन घातलेल्या बायका, समोर गडद लाल मांस आणि पिवळसर चरबी. पाटी होती 'कोनिना'. घोडा.

इथं माझं घोडं पेंड खायला लागलं.

घोड्यावर आमच्याकडं नवरदेव बसतो, खंडोबा बसतो, चौकाचौकांत महाराज बसलेत. कावळा नाक्यावर ताराराणींचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. त्याच्यासमोरून मी उभा जन्म गेलो-आलोय. बोकड, कोंबडी, मासा, खेकडा यांच्या यादीत घोड्याला कुणी बसवलेलं नाही. बाईनं सुरीच्या टोकावर एक चकती पुढं केली. तिला 'काझी' म्हणतात. घोड्याच्या बरगडीवरचं मांस आणि चरबी, मीठ-मिरी-लसूण लावून त्याच्याच आतड्यात भरतात, वाळवतात किंवा धुरी देतात, मग शिजवतात. मी हात जोडले. बाई हसल्या आणि चकती भाच्यानं खाल्ली. आमच्या बहिणीला हे माहीत नाही.

"तुम्ही घोड्याला एवढं मानता आणि खाता कसं, असं यांना कुणी विचारत नाही काय रे?"

"आपण जत्रेचा बोकड वर्षभर हातानं पाला घालून वाढवतो की मामा."

पोरगं डॉक्टर होण्याआधीच कापायला शिकलंय. पुढं त्यानंच सांगितलं ते मात्र पटण्यासारखं होतं. या माळावर हिवाळ्यात बर्फ साठतो. मेंढीला आणि गाईला फार खोल बर्फ उकरता येत नाही, घोड्याला येतो. तो खुरानं बर्फ बाजूला करून खालचं वाळकं गवत खातो आणि मेंढ्या त्याच्या मागून चरतात. म्हणजे घोडा नुसतं वाहन नाही, कळपाची हिवाळ्यातली शिदोरी उघडून देणारा तो. उत्तर कझाकस्तानात बोताई नावाच्या ठिकाणी साडेपाच हजार वर्षांपूर्वीची मडकी सापडली आणि त्यांत घोडीच्या दुधाचे अंश मिळाले, असं संशोधक सांगतात. इतक्या जुन्या संसारात मानणं आणि खाणं वेगळं काढणार कसं?

ते घोडीचं दूध, 'किमिझ', मी प्यालो. एक पेलाभर. आंबवलेलं, पातळ, जिभेला चुरचुरणारं. सकाळची नीरा दुपारपर्यंत राहिली तर जशी लागेल तसं, त्यात ताकाचा आंबटपणा आणि मागून धुराचा वास. घोडीच्या दुधात साखर जास्त, त्यामुळं आंबताना थोडी नशाही येते, पण नावापुरती. पूर्वी चामड्याच्या मोठ्या पिशवीत हे दूध ठेवायचे आणि येणारा-जाणारा रवीनं चार टोले हाणून जायचा. घोडी एका वेळी दूध देते ते थोडंच. दिवसातून पाच-सहा वेळा तरी पिळावी लागते आणि आधी शिंगराला तोंड लावू दिल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. हे ऐकल्यावर पेला अर्धा टाकायची लाज वाटली.

अल्माटीपासून जवळच तलगार नावाचं गाव आहे, मागं बर्फाचे डोंगर. भाच्याच्या वर्गातल्या एका मुलाचं घर तिथं, आणि शनिवारी आम्हाला आवतण. भाच्यानं वाटेत दम दिला, "तोंड वाकडं करू नका. आणि चहा अर्धा कप दिला म्हणून राग धरू नका."

चहाचं त्यानं सांगून ठेवलं ते बरं झालं. टेबलावर आधीच काही ठेवायला जागा नव्हती: मनुका, अक्रोड, जर्दाळू, चॉकलेटं, मुरंबे, आणि मधूनमधून ढीग घातलेले 'बाउरसाक', म्हणजे तळलेले पिठाचे फुगीर गोळे. या सगळ्या मांडामांडीला 'दस्तरखान' म्हणतात. घरची सून चहाच्या भांड्याशी बसली. बिनकानाच्या वाटीत दाट चहा, उकळतं पाणी, दूध, आणि सगळं मिळून वाटी निम्मीसुद्धा नाही. आपल्याकडं पाहुणाच म्हणतो, 'अर्धाच द्या', आणि घरचे पूर्ण देतात. तिथं उलटं. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे 'प्या आणि निघा'. थोडा थोडा गरम चहा, वाटी पुन्हा पुन्हा सुनेच्या हातात, पाहुणा बसलेला राहतो. मी सहा वाट्या प्यालो असेन. तिला प्रत्येकाचं दूध किती, हे न विचारता ठाऊक होतं. त्या घरात मला तीच सगळ्यात हुशार वाटली, आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सुनांचं हे दोन्ही देशांत सारखंच.

मग परात आली. 'बेशबर्माक', म्हणजे पाच बोटं. घरचे लोक त्याला नुसतं 'एत' म्हणत होते, म्हणजे मांस. खाली पोळीसारख्या लाटून कापलेल्या, रश्श्यात उकडलेल्या चौकोनी पट्ट्या, त्यावर मेंढीचं मांस, कडेनं काझीच्या चकत्या, वर चरबीत नरम केलेला कांदा. नाव पाच बोटांचं आणि सगळ्यांच्या हातात काटे! फक्त घरची आजी, तिला 'आपा' म्हणायचं, हातानं खात होती. मीही बाही सरकवली. पाची बोटं तुपात म्हणतात, इथं चरबीत होती. आपा माझ्याकडं बघून म्हणाली, "झे, झे." म्हणजे खा. आमच्या 'जेव'शी त्याचं काही नातं नसावं, पण कानाला कोण सांगणार?

काझीची एक चकती खाल्ली. समजून उमजून खाल्ली, पाहुणा म्हणून. मांस किंचित गोडसर, लसूण बेताची, चरबी टाळूला चिकटून बसली. दुसरी घेतली नाही. आपानंही आग्रह केला नाही, नुसती परात फिरवली आणि मेंढीची बाजू माझ्याकडं केली.

खरी गोम पुढंच होती. जेवणाच्या शेवटी चहाच्याच वाट्यांतून 'सोर्पा' आली. ज्या पाण्यात हे सगळं मांस तीन-चार तास शिजलं ते पाणी. वर चरबीचे सोनेरी डोळे तरंगत होते. मी वाटी तोंडाला लावली आणि थांबलो.

अळणी होती ती. हळद नव्हती, आलं नव्हतं, मेंढी परमुलखातली. तरी तीच. ताटावरचं पाणी, आईचा पदर, आजोबांची पितळी वाटी, सगळं त्या घोटात होतं. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला, तर आता चटणी कधी घालणार?

घालणारच नव्हते. आमचा स्वयंपाक जिथं सुरू होतो, तिथं यांचा संपतो. वर्षातून चार वेळा घर मोडून दुसऱ्या कुरणावर जाणाऱ्या माणसाला एक कढई, एक जाळ, पाणी आणि मीठ एवढंच परवडतं. पाटा-वरवंटा घोड्यावर लादून कोण फिरणार? मसाला नाही, तर सगळी मदार जनावरावर. ते कुठल्या कुरणावर चरलं, किती वयाचं, कापलं कधी, यावर त्या घरात जी चर्चा झाली ती आमच्याकडं मिरची ब्याडगी की संकेश्वरी यावर होते. मी चटणीची पुडी खिशातच ठेवली. नंतर भाच्यानं ती काढायला लावली, आपाला चिमूटभर चाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग बाउरसाकवर बाउरसाक खात राहिली. सगळे हसले. बदला म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं भाच्याबरोबर माझ्यासाठी 'कुर्त'ची पिशवी पाठवली.

तिखट मला मिळालं, पण कझाकांकडं नाही. लगमान, म्हणजे हातानं ओढलेल्या लांब शेवया, उइघुरांच्या, म्हणजे मूळच्या पश्चिम चीनकडच्या लोकांच्या, खानावळीत खाल्ल्या. सोबत 'लाझा' नावाची लाल मिरची-लसणाची तेलातली चटणी, ती मी दोनदा मागितली. आणि बाजारात कोरियन बायकांच्या टोपल्यांतलं गाजराचं झणझणीत सॅलड. हे कोरियन तिथं आले कसे? १९३७ साली स्टालिननं रशियाच्या पूर्व टोकाकडचे पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन आगगाड्यांत भरून मध्य आशियात आणून टाकले. किमचीचा कोबी मिळेना, म्हणून त्यांनी गाजर घेतलं. खुद्द कोरियात सहसा न मिळणारा हा कोरियन पदार्थ अल्माटीत घरोघरी असतो.

कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याचे पांढरे, खारट गोळे. दगडासारखे टणक. त्यांची एक गोष्ट तिथं सांगतात. अकमोलाजवळ, म्हणजे आजच्या अस्तानाजवळ, स्टालिनच्या काळात एक छावणी होती, 'देशद्रोह्यांच्या' बायकांची. कडाक्याच्या थंडीत काम करणाऱ्या या बायांवर जवळच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी दगड फेकले. पहारेकरी हसले, बघा, तुम्हाला इथंही कुणी मानत नाही. एक बाई ठेचकाळून पडली, तोंड दगडांवर आलं आणि तिला दुधाचा वास आला.

पिशवी घेऊन घरी आलो. आईनं एक गोळा हातात घेऊन वास घेतला, नखानं खरवडला.

"चक्का वाळवलाय. मीठ जरा जास्तच झालंय बाईचं."

खलबत्त्यात ठेचून तिनं तो कोमट पाण्यात भिजत घातला. दुपारी घुसळून कढीसारखं केलं, गॅसवर ठेवलं, फोडणीची कढई दुसऱ्या शेगडीवर. मिरची, कढीपत्ता, सगळं तयार. फोडणी ओतायच्या आधी तिनं एक वाटी भरून बाजूला काढली.

"ती कुणाला?" मी विचारलं. घरात आता लहान कुणी नाही.

"मला," आई म्हणाली. "दात कुठायत आता."